फळ पिशवीत न्यावं, जिभेवर नको

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळी आम्ही चिंतनाला एक छोटा शब्द घेतला आहे. शब्द आहे "फळ".

दिवसभरात हा शब्द आपल्या घरात किती वेळा येतो, ते एकदा मोजून पाहा. देवापुढे ठेवतो ते फळ. बाजारातून आणतो ती फळं. नारळ म्हणजे श्रीफळ. एकादशीला करतो तो फराळ, तोही मूळचा "फलाहार"च. पोथी संपली की फलश्रुती. श्रावणातल्या कहाणीचा शेवट "सुफळ संपूर्ण". मुलाचा दहावीचा निकाल चांगला लागला की "कष्टाचं फळ मिळालं". आणि कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाची तूर जळाली, कुणाला मूलबाळ झालं नाही, की आवाज खाली आणून हळूच, "काय करणार, ज्याच्या-त्याच्या कर्माचं फळ."

शब्द एकच. देवाला देतानाही तोच आणि दुखावलेल्या माणसाबद्दल बोलतानाही तोच. बालसंस्कार वर्गात इंग्लिश मीडियमच्या एका लेकरानं विचारलं, "ताई, फळ म्हणजे फ्रूट ना? मग वाईट कर्माचं फ्रूट कुठल्या झाडाला लागतं?" सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून हे चिंतन.

*शब्दाचं घराणं*

इंग्रजीतला "फ्रूट" हा शब्द लॅटिन भाषेतून आला. तिथं त्याच्या मुळाशी "उपभोग घेणं, आनंद घेणं" असा अर्थ आहे. म्हणजे ज्याचा आस्वाद घ्यायचा ते फ्रूट. इंग्रजीतही श्रमाचं फ्रूट म्हणतात, आणि वाया गेलेल्या कामाला "फ्रूट नसलेलं" म्हणतात. आपल्याकडे संस्कृतात "फल्" धातूचे दोन अर्थ आहेत. एक, सिद्धीला जाणं. दुसरा, फुटणं, उकलणं. शेंग वाळली की तडकते आणि आतला दाणा बाहेर येतो, तसं. तिकडच्या शब्दात खाणारा दिसतो, इकडच्या शब्दात पिकणारं आणि उकलणारं दिसतं.

आपण सीमेवरची माणसं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि बीदर-कलबुर्गीच्या गल्लीत दख्खनी. कन्नडमध्ये एक सुंदर सोय आहे. कच्च्याला "कायि" आणि पिकलेल्याला "हण्णु". देवळात जाताना आपण "हण्णु-कायि" घेऊन जातो, म्हणजे केळी आणि नारळ. खूप म्हाताऱ्या आजीला "हण्णु हण्णु मुदुकि" म्हणतात, म्हणजे पिकून पिकून गोड झालेली. मराठीत मात्र कच्चं असो की पिकलं, दोन्हीला फळच. त्यामुळे घाई होते. अजून "कायि" असलेल्या गोष्टीला आपण "हण्णु" समजून निकाल देऊन टाकतो.

फळ नेमकं कशाला म्हणायचं, यावर अमेरिकेत कोर्टकज्जासुद्धा झाला. बाहेरून आलेल्या भाज्यांवर तिथं जकात होती, फळांवर नव्हती. मग टोमॅटो फळ की भाजी? १८९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शास्त्राप्रमाणे ते फळ असलं, तरी लोकांच्या बोलण्यात आणि ताटात ती भाजी आहे. आपल्या आज्यांनी हा वाद कधीच मिटवलाय, वांगं, भेंडी, दोडका सगळ्यांना "फळभाजी" म्हणून! शास्त्राप्रमाणे तर तुरीची शेंगही फळच. एवढं लक्षात ठेवू, कारण पुढं कामाला येणार आहे.

*झाड काय सांगतं*

"कर्माचं फळ" हे शब्द ज्यांनी पहिल्यांदा वापरले असतील, त्यांनी झाड नीट पाहिलेलं असणार. त्यांनी "कर्माची शिक्षा" असं म्हटलं नाही, "कर्माचा पगार" असंही म्हटलं नाही. फळ म्हटलं. मग फळ कसं लागतं, ते बघायला हवं.

पहिली गोष्ट, फळाला वेळ लागतो. कलबुर्गीची तूर साऱ्या देशात नावाजलेली आहे, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. ही तूर जून-जुलैमध्ये पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत काढतात. मध्ये सोयाबीन, मूग, उडीद निघून जातात, तूर उभीच असते. सप्टेंबरमध्ये कुणी बांधावर येऊन म्हणालं की "यात काही नाही, नुसता पाला", तर तो माणूस शेतकरी नव्हे.

दुसरी गोष्ट, फळाला पुष्कळ हात लागतात. बी चांगलं, नांगरट चांगली, पेरणी वेळेवर, सगळं केलं आणि ऐन फुलोऱ्यात पाऊस कोसळला तर फूल गळतं. मर रोग आला तर उभं झाड वाळतं. शेजाऱ्याचं वाचतं, आपलं जातं. शेतकऱ्यानं आपलं कर्म चोख केलं होतं. मग हे कुणाच्या कर्माचं फळ? मातीचं, पावसाचं, बुरशीचं, भावाचं, बँकेच्या हप्त्याचं, किती गोष्टींचं! एका माणसाच्या पापपुण्यात हे सगळं बसवायचं म्हणजे अख्खं शेत पिशवीत कोंबण्यासारखं आहे.

तिसरी गोष्ट, झाड स्वतःचं फळ स्वतः खात नाही. फळ दुसऱ्यासाठी असतं, आणि त्याच्या आत पुढचं बी असतं. म्हणजे फळ हा शेवट नाही, ती पुढची सुरुवात आहे.

आपल्याकडची वेळ अमावस्या, कन्नडमध्ये "एळ्ळ अमावास्ये", हे सगळं एका दिवसात शिकवते. शेतात जायचं, भूमीची पूजा करायची, भज्जी आणि आंबील शिवारात शिंपडायची, मग पंगत. त्या दिवशी ज्वारी अजून हिरवी असते, रास खळ्यावर आलेली नसते. तरी आपण भूमीला आधी जेवू घालतो. गरोदर लेकीचे डोहाळे पुरवावेत तसे. काय पिकेल ते अजून कुणालाच ठाऊक नसतं. फळ हातात यायच्या आधीचं हे प्रेम आहे, फळ बघून केलेला व्यवहार नाही.

*उंबराचं फूल*

औदुंबर आपलं दैवत. त्याला पाणी घालतो, प्रदक्षिणा घालतो. पण त्याचं फूल कुणी पाहिलंय का? म्हणूनच फार क्वचित येणाऱ्या पाहुण्याला आपण "उंबराचं फूल" म्हणतो. खरी गोष्ट अशी की उंबराला फुलं असतात, तीही शेकडो. पण ती त्या गोल उंबराच्या आत असतात. आपण ज्याला फळ म्हणतो तो बाहेरून बंद असलेला फुलांचा डबाच आहे. एका बारीक छिद्रातून इवले कीटक आत जातात, परागकण नेतात, तेव्हा कुठं बी धरतं. उंबर फोडल्यावर उडतात ती केंबरं हीच.

जुन्या बायका म्हणायच्या, उंबर फोडून केंबरं उडवू नयेत. म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं झाकलेलं उकरून काढू नये. या म्हणीत आम्हाला आजचं सगळं उत्तर दिसतं. माणसाच्या आयुष्यातलं दुःख बाहेरून दिसतं, उंबरासारखं. ते का आलं, कशातून आलं, त्याची फुलं मात्र आत असतात. ती ना शेजारणीला दिसतात, ना नणंदेला, ना फोनवर विचारपूस करणाऱ्याला. जे दिसत नाही त्यावर निकाल कसा द्यायचा? आणि फोडून पाहिलं तर हाती काय येणार? केंबरं उडतात, उंबर वाया जातं.

*संगमावरचं सुकं लाकूड*

आता कुणी म्हणेल, पोथीतच पूर्वकर्म सांगितलंय, त्याचं काय? बरोबर आहे. म्हणून पोथीकडेच जाऊ या.

श्रीगुरुचरित्राचा चाळिसावा अध्याय. जागा आपल्याच कलबुर्गी जिल्ह्यातली, अफजलपूर तालुक्यातलं गाणगापूर, भीमा-अमरजेचा संगम. पोथी लिहिणारे सरस्वती गंगाधर स्वतः सांगतात की मराठी ही त्यांची बोलायची भाषा नव्हे. ते कन्नड घरातले होते असं मानलं जातं, म्हणजे आपल्यासारखेच सीमेवरचे. या अध्यायात नरहरी नावाचा कोड झालेला माणूस श्रीनृसिंहसरस्वती स्वामींकडे येतो. लोक त्याचं तोंड बघत नाहीत. स्वामी त्याला पूर्वजन्मीचा दोष सांगतात, हे खरं. पण तिथंच थांबत नाहीत. औदुंबराचं एक वाळलेलं लाकूड दाखवतात. हे संगमावर रोव, याला रोज पाणी घाल, याला पालवी फुटेल तेव्हा तू बरा होशील. नरहरी तसं करत राहतो. लोक हसतात, सुक्या लाकडाला कधी पाला फुटतो का? तो ऐकत नाही. शेवटी स्वामी येतात, कमंडलूतलं पाणी शिंपडतात, लाकडाला पालवी फुटते आणि त्याची काया शुद्ध होते.

इथं तीन प्रश्न विचारून पाहा. पूर्वकर्माचं कुणी सांगितलं? जे बरं करणार होते त्यांनी. कुणाला सांगितलं? ज्याला बरं व्हायचं होतं, त्यालाच. कशासाठी सांगितलं? हातात पुढचं काम देण्यासाठी. आणि संगमावर उभे राहून बोलणाऱ्या लोकांनी काय केलं? ना पाणी घातलं, ना लाकूड धरलं. त्यांची नावंसुद्धा पोथीत राहिली नाहीत.

डॉक्टर रिपोर्ट बघून आजार सांगतात ते औषध देण्यासाठी. वेटिंगमध्ये बसलेल्या माणसानं शेजाऱ्याला आजार सांगितला तर त्याला काय म्हणावं? पूर्वकर्माचं बोलण्याचा अधिकार उपचार अंगावर घेणाऱ्याला आहे. आपण नरहरीच्या जागी असू किंवा संगमावरच्या गर्दीत. सद्गुरूंच्या जागी आपण नाही.

आणि एक. कोड, महारोग म्हणजे पापाचं फळ, असं जग शेकडो वर्षं बोलत आलं. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी महारोगाचा जंतू शोधला. आज सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि सहा महिने ते वर्षभरात रोगी बरा होतो. त्याआधी किती आयाबहिणींना घराबाहेर, गावाबाहेर काढलं असेल, आणि काढताना "कर्माचं फळ" हेच म्हटलं असेल! जंतू होता. फळ नव्हतं.

*मग कर्माचा नियम खोटा का?*

नाही. पेराल ते उगवतं, यावर आपली श्रद्धा आहे आणि राहील. प्रश्न तो नियम कुणाकडे धरायचा, हा आहे. कर्माचा नियम आरसा आहे, बॅटरी नव्हे. आरशात आपलं तोंड दिसतं. बॅटरी दुसऱ्याच्या डोळ्यांवर मारली तर त्याचेही डोळे दिपतात आणि आपल्यालाही त्याचा चेहरा धड दिसत नाही.

काही फळं उघड असतात, हेही मान्य. गुटखा खाऊन तोंडाचा कॅन्सर होतो, दारूनं लिव्हर जातं. पण त्याचं बोलायचं कधी? बी पेरताना बोलावं. दीर गुटख्याची पुडी फोडतो तेव्हा वहिनीनं हात धरावा. ऑपरेशन झाल्यावर खाटेजवळ बसून "सांगितलं होतं ना" म्हणण्यात ना सेवा आहे, ना ज्ञान. त्या वेळी त्याला पातळ पेज लागते.

मग स्वतःकडे आरसा धरायचा म्हणजे स्वतःला फटके मारायचे का? यावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथं बायका फार भरडल्या जातात. आमच्या ओळखीतल्या एका गुरुभगिनीचं लेकरू. हाक मारली तरी वळून बघायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आईला सांगितलं, मागच्या जन्मीचं फळ आहे, शांती करा. तिनंही मनाशी घेतलं की माझ्याच पापाचं फळ. नवस झाले, शांती झाल्या, उपास झाले. गुरुवारच्या आरतीला येणं तिनं बंद केलं, लोक बघतात म्हणून. कानाची तपासणी करायला तेवढे महिने उशीर झाला. आणि लहान मुलांच्या बाबतीत पहिली काही वर्षंच मोलाची, कारण ऐकू आलं तरच बोलणं येतं. आता मशीन लावलंय, शिकवणीला नेतात, लेकरू "आई" म्हणतं. पण गेलेले महिने कोण परत देणार? त्या महिन्यांत नुसता एक शब्द आडवा पडला होता.

म्हणून स्वतःपुरताही या शब्दाचा उपयोग एकाच प्रश्नासाठी करावा, "आता मी काय पेरू?" "मी काय पाप केलं असेल" हा प्रश्न रात्रभर जागवतो आणि सकाळी हात रिकामे ठेवतो. "आता काय पेरू" हा प्रश्न सकाळी उठवून कामाला लावतो. नरहरीच्या हातात स्वामींनी पाण्याचं भांडं दिलं, ते यासाठीच.

*फळ कुणाचं?*

गीतेत फळ दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं येतं. दुसऱ्या अध्यायात, सत्तेचाळिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की अधिकार कर्मावर, फळावर नाही. नवव्या अध्यायात, सव्विसाव्या श्लोकात म्हणतात की प्रेमानं दिलेलं पान, फूल, फळ, पाणी मी घेतो. एकीकडे फळावर हक्क सांगू नको, दुसरीकडे फळ मला दे. विरोध वाटतो, पण नाही. जे आपलं म्हणून धरायचं नसतं तेच द्यायचं असतं.

आपल्या बसवकल्याणात, म्हणजे बाराव्या शतकातल्या कल्याणात, शरणांनी हेच रोजच्या जगण्यात आणलं. कायक म्हणजे मनापासून केलेलं काम, आणि दासोह म्हणजे त्यातून मिळालेलं सगळ्यांना वाटणं. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, हे त्यांचं कायक. एक दिवस त्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मा म्हणाली, एवढं आपल्याला कशाला, परत टाकून या. त्या लक्कम्माची वचनं आजही कन्नड घरांत मानानं वाचतात. स्वयंपाकघरातल्या बाईनं फळाचं माप ठरवलं! कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांच्या देवळात दासोहाची परंपरा अजून चालू आहे. तिथं पंगतीत बसणाऱ्याला कुणी विचारत नाही की तुझ्या कोणत्या कर्माचं फळ म्हणून तू भुकेला आलास. पत्रावळ मांडतात आणि वाढतात.

ओटी भरताना आपण फळ देतो. कन्नडमध्ये "उडी तुंबणं". पण त्याच हळदीकुंकवात कुणाला मूल नाही म्हणून, कुणाचे यजमान गेले म्हणून, एखादी अक्का भिंतीकडे बसून राहते. जिच्या पदरात फळ नाही असं आपण म्हणतो, तिच्याच पदरात फळ टाकायचं आपण टाळतो. आंब्याच्या झाडाला यंदा मोहोर आला नाही म्हणून कुणी त्याची सावली नाकारत नाही.

*या महिन्याचा संकल्प*

प्रत्येक घरानं मिळून करण्यासारख्या तीन गोष्टी सुचवत आहोत. जमेल तेवढ्या कराव्यात.

१. आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी, केळी, जे परवडेल ते घेऊन जावं. कारण शोधायला जाऊ नये. विचारायचंच असेल तर "दवाखान्यात सोबत येऊ का? रात्री कुणी थांबायला हवंय का? लेकरांचा डबा पाठवू का?" असं विचारावं.

२. पुढच्या हळदीकुंकवात किंवा ओटीच्या कार्यक्रमात भिंतीकडे बसलेल्या अक्काला आधी बोलवावं. थोरल्या सासूबाईंनी हे केलं तर सुना आपोआप शिकतात.

३. फॅमिली ग्रुपवर कुणाच्या संकटाची बातमी आली की कर्माचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एक फोन करावा. मदत लागत असेल तर आपल्या भागातल्या सेवेकऱ्यांना कळवावं.

झाडाखाली उभं राहिलं की आपल्याला फळ दिसतं. मुळं, पाणी, आतली फुलं, कीटक, पावसाचे ढग यातलं काही दिसत नाही. जे दिसत नाही ते परमेश्वराकडे सोपवू या. पाण्याचं भांडं मात्र आपल्या हातात आहे. कुणाच्या तरी सुक्या लाकडाला दोन वेळा पाणी घालू या. पालवी कधी फुटवायची, ते सद्गुरू बघतील.

जय गुरुदेव.

आपल्या सेवेकरी भगिनी